आभा कार्ड काढलं, मग दवाखाना सुधारला का? बारामती-इंदापूरवरून समजून घेऊ

"आभा कार्ड काढलंय, म्हणजे आता पाच लाखांपर्यंतचा इलाज फुकट ना?"

हा प्रश्न सध्या सगळीकडे ऐकू येतो. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, सेतू केंद्राच्या रांगेत येतो, घरातल्या मोठ्या माणसांकडूनही येतो. उत्तर आहे, नाही. आभा हा तुमच्या आरोग्याच्या कागदपत्रांचा नंबर आहे. पाच लाखांचं विमा कवच हा दुसरा विषय. गंमत म्हणजे नावात "आयुष्मान भारत" दोघांच्याही आहे, त्यामुळे गोंधळ होणारच.

पण या गोंधळामागे एक मोठा प्रश्न आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत केंद्र आणि राज्य सरकारच्या वेगवेगळ्या यंत्रणांनी सरकारी दवाखान्यांचा दर्जा सुधारायला बऱ्याच गोष्टी सुरू केल्या. कोणी गुण देतं, कोणी रुग्णाला एसएमएस पाठवून विचारतं, कोणी कागद डिजिटल करतं, कोणी बिल भरतं. आपल्याला यातलं फक्त एखादं ॲप किंवा कार्ड दिसतं. आज ही सगळी मशीन उघडून बघू. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले दोन तालुके घेऊ, बारामती आणि इंदापूर.

आधी हे बघा: दवाखाना नक्की कोणाचा?

आपण सगळ्याला "सरकारी दवाखाना" म्हणतो, पण मालक तीन आहेत.

पहिला मालक जिल्हा परिषद. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र तिच्याकडे. सपाट भागात साधारण ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा राष्ट्रीय निकष आहे. बरीच उपकेंद्रं आता "आयुष्मान आरोग्य मंदिर" झाली आहेत आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात.

दुसरा मालक राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग. ग्रामीण रुग्णालयं आणि उपजिल्हा रुग्णालयं त्याची. बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय हे या गटातलं.

तिसरा मालक वैद्यकीय शिक्षण विभाग. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव आहे. ते या विभागाच्या अखत्यारीत येतं.

आता समजा, सणसरच्या एखाद्या आजोबांना गावाजवळच्या केंद्रात तपासलं, तिथून उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं आणि तिथून मेडिकल कॉलेजला. आजोबांनी तीन पायऱ्या चढल्या, पण कागदांनी तीन खाती ओलांडली. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, पुन्हा तेच प्रश्न, कधी कधी पुन्हा त्याच रक्ततपासण्या. २०११ च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आसपास होती आणि इंदापूरची पावणेचार लाखांच्या पुढे. एवढी माणसं या तीन खात्यांमधून ये-जा करतात. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

पहिलं हत्यार: गुणपत्रिका

दवाखाना चांगला की वाईट, हे कसं ठरवायचं? इमारत नवी आहे म्हणून? डॉक्टर गोड बोलतात म्हणून? यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आणली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एनक्वास म्हणतात. सुरुवात जिल्हा रुग्णालयांपासून झाली आणि मग ती खाली प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रापर्यंत आली.

यात आठ मोठे विषय आहेत: कोणत्या सेवा मिळतात, रुग्णाचे हक्क, साधनं आणि मनुष्यबळ, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग रोखणं, गुणवत्तेचं व्यवस्थापन आणि शेवटी निकाल. प्रत्येक विषयाखाली बारीक बारीक मुद्द्यांची लांबलचक यादी. पूर्ण जमलं तर २ गुण, अर्धवट जमलं तर १, नाहीच तर ०. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही टेस्ट केसेस लिहितो, त्याच धाटणीचं हे काम आहे.

तपासणाऱ्याने माहिती कुठून घ्यायची, तेही ठरलेलं आहे. चार मार्ग आहेत: स्वतः बघणं, कर्मचाऱ्यांशी बोलणं, नोंदवह्या तपासणं आणि रुग्णाशी बोलणं. म्हणजे "हात धुण्याची पद्धत माहीत आहे" असं नर्सने सांगून भागत नाही, बेसिनला पाणी येतंय का तेही बघायचं.

पास व्हायला ७० टक्के लागतात. एकूण बेरीज ७० झाली की सुटलो, असंही नाही. प्रत्येक विभागातही तेवढे गुण हवेत. ओपीडी झकास पण प्रसूती कक्ष नापास, असं चालत नाही. प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याबरोबर वर्षाला ३ लाख रुपये आणि मोठ्या रुग्णालयांना दर खाटेमागे १०,००० रुपये प्रोत्साहन मिळतं. त्यातला एक चतुर्थांशपर्यंतचा हिस्सा कर्मचाऱ्यांसाठी वापरता येतो, बाकीचा सुधारणेसाठी.

जून २०२४ पासून उपकेंद्र पातळीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांची ही तपासणी ऑनलाइन करायची सोय झाली आहे. म्हणजे तपासणारा दूर बसून व्हिडिओवरून केंद्र बघतो. कारण उघड आहे: देशात उपकेंद्रांची संख्या दीड लाखाच्या वर, तिथे प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवायचा म्हटलं तर वर्षं जातील.

"ह्या सगळ्या फॉर्म भरायच्या गोष्टी" असं वाटत असेल तर भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. अग्निसुरक्षा हे एनक्वासमधलं एक स्वतंत्र मानक आहे. यादीतली एक ओळ कोरी राहिली तर काय होऊ शकतं, ते तिथे दिसलं.

दुसरं हत्यार: तुम्हाला आलेला एसएमएस

२०१६ मध्ये केंद्र सरकारने "मेरा अस्पताल" नावाची सोय सुरू केली. सरकारी रुग्णालयात नोंदणी करताना तुम्ही मोबाइल नंबर देता. नंतर एसएमएस किंवा फोन येतो: तुम्ही समाधानी आहात का? नाही म्हटलं तर कारण विचारतात. कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचाराचा दर्जा की आणखी काही. वेबसाइट आणि ॲपवरूनही मत देता येतं.

आपण दहा मिनिटांत आलेल्या पिझ्झाला स्टार देतो, पण बहिणीची प्रसूती जिथे झाली त्या रुग्णालयाबद्दल आलेला मेसेज स्पॅम समजून उडवतो. शिवाय नोंदणीच्या खिडकीवर घाईत कोणताही नंबर सांगितला जातो, कधी शेजाऱ्याचा, कधी बंद पडलेला. नंबर चुकला की मत गेलं. वर बसलेल्या अधिकाऱ्याला डॅशबोर्डवर जे दिसतं, ते फक्त ज्यांनी उत्तर दिलं त्यांचंच. गप्प बसलेला रुग्ण त्या हिशेबात कुठेच येत नाही.

तिसरं हत्यार: आभा, आणि ती नेमकी काय करते

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. चालवतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. त्यात तुम्हाला १४ अंकी आभा नंबर मिळतो. देशात ७० कोटींहून जास्त नंबर तयार झाले आहेत.

बऱ्याच जणांना वाटतं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एका सर्व्हरवर जाऊन बसतात. तशी रचना नाही. तुमचा रिपोर्ट ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने तयार केला, त्यांच्याच सिस्टिममध्ये राहतो. आभा फक्त सांगते की "या माणसाचा एक कागद तिथे आहे". दुसऱ्या डॉक्टरला तो बघायचा असेल तर तुमच्या ॲपवर परवानगीची विनंती येते. कोण मागतंय, कोणते कागद, कोणत्या तारखांमधले आणि किती दिवसांसाठी, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही हो म्हणू शकता, नाही म्हणू शकता, आणि दिलेली परवानगी नंतर काढूनही घेऊ शकता. थोडक्यात यूपीआयसारखं. पैसे बँकेतच असतात, ॲप फक्त रस्ता दाखवतं.

रुग्णालयाच्या खिडकीवरचा क्यूआर कोड हा याचाच सर्वात सोपा भाग. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ही सोय सुरू झाली. कोड स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप खिडकीवर जातं आणि तुम्हाला टोकन मिळतं. माहिती लिहून घेण्याचा वेळ वाचतो. पण लक्षात घ्या, क्यूआरने रांग पुढे सरकते, रिपोर्ट पुढे सरकत नाही. त्यासाठी रुग्णालयाने तुमचा रिपोर्ट डिजिटल करून आभाशी जोडायला हवा. पहिलं काम एका पोस्टरने होतं. दुसऱ्याला सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर आणि तो चालवणारा माणूस लागतो. म्हणूनच "आभा काढली पण ॲप रिकामंच आहे" हा अनुभव इतका कॉमन आहे.

मग याचा खरा उपयोग कोणाला? बारामती-इंदापूरचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे साखर कारखाने दिवाळीनंतर पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबं येतात. चार-पाच महिने कोपीवर मुक्काम. समजा त्यांच्यातली एक बाई पाच महिन्यांची गरोदर आहे. तिची पहिली नोंद तिच्या गावच्या आशाताईंनी केली, हिमोग्लोबिन तिकडे तपासलं, आणि माता-बाल संरक्षण कार्ड राहिलं गावी पत्र्याच्या पेटीत. इथे रात्री अचानक त्रास झाला तर ड्यूटीवरच्या डॉक्टरसमोर ती कोरी पाटी आहे. आधीच्या बाळंतपणाला सिझेरियन होतं का, रक्त कमी होतं का, बीपीचा त्रास होता का, काही माहीत नाही.

तिची आधीची नोंद दोन मिनिटांत स्क्रीनवर आली, तर ते सुधारलेल्या दर्जाचं खरं उदाहरण. पुण्यातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्याकडे निदान फाइल तरी असते. तिच्याकडे तीही नसते. त्यामुळे माझ्या मते आभा यशस्वी झाली की नाही, हे किती कोटी नंबर निघाले यावर ठरवू नये. असं फिरतीवरचं माणूस दुसऱ्या तालुक्यात गेल्यावर त्याचा किमान एक कागद तिथे दिसला का, यावर ठरवावं.

चौथं हत्यार: पैसा

पाच लाखांचं कवच इथे येतं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि केंद्राच्या योजनेशी ती जोडली गेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांची मर्यादा होती, ती ५ लाख झाली, आणि राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी ती खुली करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ही योजना ठरलेल्या आजारांसाठी, योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच चालते. तिथे आरोग्यमित्र बसतो. आधी त्याला गाठायचं. योजनेचा हेल्पलाइन नंबर आहे १५५३८८.

त्याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसेही नाहीत. आता सुरुवातीचे तीन मालक आठवा. हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दुसऱ्या खात्याचं. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत खिडकीवरचा नियम वेगळा असू शकतो. लोक चिडतात ते उगाच नाही, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

खाजगी दवाखान्यांचं काय? जानेवारी २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणी नियमांत बदल केला. त्यानुसार नोंदणीकृत खाजगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायलाच हवं. पुढच्या वेळी गेलात तर भिंतीकडे बघा.

गाडं अडतं कुठे?

कागदावर चारही हत्यारं चांगली आहेत. मग अनुभव तसा का येत नाही? मला चार कारणं दिसतात.

एक, एकच माहिती अनेकदा भरावी लागते. गरोदर मातांचं पोर्टल वेगळं, बीपी-शुगरचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, आणि वर हाताने भरायचं रजिस्टर आहेच. आशाताई आणि एएनएमताई यांचा दिवस त्यातच जातो. ही पोर्टल्स आपसात बोलायला लागली नाहीत, तर आभा हा त्यांच्यासाठी आणखी एक रकाना ठरतो. आमच्या धंद्यात हे नेहमी घडतं: सिस्टिम बनवणाऱ्याला डॅशबोर्ड दिसतो, डेटा भरणाऱ्याचा हात दिसत नाही.

दोन, तपासणीची तारीख आधी कळते. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून आपणही पास झालोय. रंग दिला, फलक लावले, गुण मिळाले. प्रश्न असतो तो सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या मंगळवारचा. त्या दिवशीची परिस्थिती सांगू शकतो तो फक्त त्या दिवशीचा रुग्ण. म्हणून पहिलं हत्यार दुसऱ्याशिवाय लंगडं आहे.

तीन, सॉफ्टवेअर औषध बनवत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. तेव्हा औषधखरेदी आणि रिक्त पदं यांवर राज्यभर चर्चा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. राज्यात औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा त्याच वर्षी झाला होता. साठ्याची नोंद ठेवायला ई-औषधी सॉफ्टवेअरही आहे. पण स्क्रीनवर "साठा शून्य" दिसल्यावर गाडी निघते की नाही, हा प्रशासनाचा प्रश्न आहे, ॲपचा नाही.

चार, घरात फोन एक आणि माणसं पाच. ओटीपी नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या मोबाइलवर येतो. म्हणजे बाईच्या तपासणीची माहिती आधी कोणाला दिसणार? परवानगीची रचना कितीही छान असली तरी ती "प्रत्येकाचा स्वतःचा फोन" गृहीत धरून बनली आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा परवानगीबद्दल बोलतो, पण घरातल्या एका फोनचं उत्तर त्यातही नाही.

मग आपण काय करायचं?

पाच गोष्टी, सगळ्या फोनवरून होणाऱ्या.

१. घरच्यांना फरक सांगा: आभा म्हणजे कागदांचा नंबर, आयुष्मान कार्ड म्हणजे उपचाराचं कवच. आभा ऐच्छिक आहे. ती नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

२. शक्य असेल तिथे प्रत्येकाची आभा त्याच्या स्वतःच्या नंबरवर काढा. विशेषतः आई, बहीण, वहिनी यांची. ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नका.

३. नोंदणीच्या खिडकीवर चालू नंबर द्या आणि मेरा अस्पतालचा मेसेज आला की खरं उत्तर द्या. चांगलं वाटलं असेल तर तेही सांगा. रात्रपाळीत नीट काम करणाऱ्या नर्सची नोंद तेवढ्यानेच होते.

४. रिपोर्ट हातात आला की विचारा, "हा आभाला जोडता का?" नाही म्हणाले तरी हरकत नाही. रोज दहा जणांनी विचारलं तर प्रश्न वर जातो. तोपर्यंत ॲपमध्ये स्वतः फोटो काढून रिपोर्ट साठवता येतो.

५. गावच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एनक्वासचं प्रमाणपत्र आहे का, नसेल तर कोणत्या विभागात गुण कमी पडतात? रस्ता आणि गटारीबद्दल आपण विचारतोच. हा प्रश्न तेवढाच साधा आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं.

सरकारने दर्जा मोजायला सुरुवात केली, ही गोष्ट खरंच मोठी आहे. पूर्वी "दवाखाना चांगला नाही" म्हटलं की विषय संपायचा. आता चांगला नाही म्हणजे आठांपैकी कशात नाही, हे विचारता येतं. मात्र मोजणं आणि सुधारणं यांच्यामध्ये भरलेली पदं, वेळेवर पोचलेली औषधं आणि एकमेकांशी बोलणारी तीन खाती लागतात. पुढच्या गळीत हंगामात कोपीवरची एखादी बाई रात्री बारामतीच्या किंवा इंदापूरच्या रुग्णालयात आली आणि डॉक्टरला तिचा आधीचा कागद दिसला, तर समजायचं की योजना पोचली.